मानवी इंटरल्युकिन-२ची संशोधन-प्रतीची कुपी : प्रथिन चोख, कागदपत्रे अपुरी

रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवून घेतलेले, मानवी इंटरल्युकिन-२ हे टी-पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर) काम करणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेत सतत लागणारे प्रथिन आहे, आणि ते विकणाऱ्या कंपन्या आता इतक्या झाल्या आहेत की केवळ माहितीपत्रके शेजारी शेजारी ठेवून निवड करणे जवळजवळ अशक्य होते. ज्याची त्याची शुद्धता ९५ टक्क्यांहून अधिक, ज्याची त्याची क्रियाशीलता उत्तम, आणि प्रत्येक लेबलवर ‘केवळ संशोधनासाठी’ हा शेरा. आमच्या प्रयोगशाळेत सध्या वापरात असलेली ५० मायक्रोग्रॅमची कुपी ई. कोलाय जिवाणूत तयार केलेल्या प्रथिनाची आहे. उत्पादक परदेशी आहे आणि माल पुण्यातील एका वितरकामार्फत आला. दोघांचीही नावे येथे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण अमुक कंपनी घ्या वा टाळा असे सांगण्यापेक्षा अशी कुपी हाती आल्यावर तिच्यात काय तपासावे हे सांगणे अधिक उपयोगाचे वाटते. आमचे मत असे झाले आहे की प्रथिन चोख आहे, पण ते किती चोख आहे हे सांगणारी कागदपत्रे अपुरी आहेत, आणि या विशिष्ट प्रथिनाच्या बाबतीत ही उणीव किरकोळ मानता येत नाही.

ती किरकोळ का नाही, हे कळण्यासाठी या प्रथिनाचा थोडा इतिहास पाहावा लागतो. १९७६ साली अमेरिकेत मॉर्गन, रुसेटी आणि गॅलो यांनी मानवी टी-पेशी प्रयोगशाळेत दीर्घकाळ वाढवता येतात हे दाखवले, तेव्हा त्यांना वाढवणारा घटक म्हणजे उत्तेजित केलेल्या लिम्फोसाइट पेशींवरून काढून घेतलेला द्रव होता आणि त्याची ओळख ‘टी-पेशींचा वाढ-घटक’ एवढीच होती. १९८३ साली तानिगुची आणि सहकाऱ्यांनी त्याचे जनुक वेगळे केले आणि जिवाणूंकडून शुद्ध प्रथिन बनवून घेण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे मात्र एक अनपेक्षित गोष्ट दिसली. ज्या उंदरांमध्ये हे जनुक निकामी केले गेले, त्यांची प्रतिकारशक्ती नुसती दुबळी होण्याऐवजी त्यांच्या स्वतःच्याच शरीरावर उलटली. त्यांना आतड्याचा दाह झाला, रक्तक्षय झाला. वाढवणारे म्हणून ओळखले गेलेले हे प्रथिन आवरणारेही होते. याचे कारण नियामक टी-पेशींमध्ये, म्हणजे इतर प्रतिकारपेशींना आवर घालणाऱ्या टी-पेशींमध्ये आहे. या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी२५ हा इंटरल्युकिन-२च्या ग्राहीचा (त्याला पकडणाऱ्या रेणूचा) अल्फा घटक कायम भरपूर असतो, आणि १९९५ साली शिमोन साकागुची यांनी याच खुणेवरून त्या वेगळ्या ओळखल्या. २०२५ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ब्रुंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना ज्या कामासाठी मिळाले, त्याचा हा एक महत्त्वाचा धागा आहे.

खरेदीदाराच्या दृष्टीने यातली महत्त्वाची बाब अशी की एकाच प्रथिनाचे दोन परिणाम मात्रेवर ठरतात. अल्फा, बीटा आणि गॅमा हे तिन्ही घटक असलेली ग्राही सुमारे १० पिकोमोलर इतक्या अल्प प्रमाणातही प्रथिन पकडते, तर केवळ बीटा आणि गॅमा असलेल्या ग्राहीला त्याच्या सुमारे शंभरपट, म्हणजे १ नॅनोमोलरच्या आसपास प्रमाण लागते. वजनात सांगायचे तर पहिली सीमा मिलिलिटरला सुमारे ०.१५ नॅनोग्रॅम आणि दुसरी सुमारे १५ नॅनोग्रॅम येते. या दोन सीमांच्या मधल्या पट्ट्यात नियामक पेशी जाग्या होतात पण नैसर्गिक मारक पेशी आणि सुप्त टी-पेशी फारशा हलत नाहीत, आणि याच पट्ट्यात आमचे बहुतेक प्रयोग चालतात. कुपीवर लिहिलेली क्रियाशीलता प्रत्यक्षात तिप्पट वा एक तृतीयांश असेल, तर प्रयोग बिघडल्याचे कुठेही दिसत नाही. तो फक्त निराळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो.

आता प्रत्यक्ष मालाकडे वळू. परिपक्व मानवी इंटरल्युकिन-२मध्ये १३३ अमिनो आम्ले असतात आणि त्याचे वजन सुमारे १५.५ किलोडाल्टन भरते. त्यात तीन सिस्टीन असतात. ५८ आणि १०५ या स्थानांवरचे दोन एकमेकांशी डायसल्फाइड बंधाने जोडलेले असतात, तर १२५वे मोकळे राहते. जिवाणूंमध्ये हे प्रथिन अविद्राव्य गोळ्यांच्या रूपात साठते, ते विरघळवून पुन्हा योग्य घडीत आणावे लागते, आणि त्या वेळी हे मोकळे सिस्टीन चुकीच्या जोडीदाराशी बांधले जाण्याचा धोका असतो. म्हणून १९८४ साली सीटस कंपनीच्या संशोधकांनी त्या जागी सेरीन बसवले, आणि पुढे प्रोल्युकिन या नावाने १९९२ साली मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी मान्यता मिळालेले औषध याच बदलासह तयार होते. आमच्या कुपीतील प्रथिनातही हा बदल आहे, मात्र माहितीपत्रकात तो १४५व्या स्थानावर दाखवला आहे. यात चूक काही नाही, कारण सुरुवातीचा २० अमिनो आम्लांचा संकेत-तुकडा धरून मोजले की १२५चे १४५ होते, पण ही दोन मोजणींची गोष्ट माहितीपत्रकात एका ओळीत सांगता आली असती. आमच्याकडील एका विद्यार्थिनीने हे दोन वेगळे उत्परिवर्तित प्रकार असावेत असे समजून तुलना मांडायला घेतली होती, आणि तिला दोष देता येत नाही. नैसर्गिक प्रथिनात तिसऱ्या स्थानावरील थ्रिओनिनला साखरेची साखळी जोडलेली असते, जी जिवाणूत बनलेल्या प्रथिनात नसते. परंतु क्रियाशीलतेसाठी ती आवश्यक नाही, त्यामुळे मानवी पेशींत बनवलेल्या महागड्या प्रकारासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण आम्हांला तरी दिसले नाही.

कुपी साध्या बर्फ-पिशव्यांसोबत आली. गोठवून सुकवलेल्या प्रथिनाला एवढे पुरते, आणि प्रत्येक वेळी कोरड्या बर्फाचा आग्रह धरणे म्हणजे वाहतुकीचा खर्च विनाकारण वाढवणे होय. वितरकाने मात्र पेटी संध्याकाळी आवक विभागात ठेवून दिली आणि फोन दुसऱ्या दिवशी केला; द्रवरूप प्रथिन असते तर ही बेफिकिरी महागात पडली असती. कुपीत डोळ्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही, कारण ५० मायक्रोग्रॅमचा थर काचेला चिकटलेल्या धुरकट छटेपलीकडे जात नाही, म्हणून झाकण उघडण्याआधी ती सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवून घेणे आवश्यक ठरते. ही सूचना पत्रकात आहे, ठळक अक्षरांत आहे, आणि त्याबद्दल उत्पादकाला श्रेय द्यायला हवे.

विरघळवण्याच्या सूचनाही व्यवस्थित आहेत. इंटरल्युकिन-२ हे जलविरोधी वृत्तीचे प्रथिन असल्याने उदासीन पीएचच्या बफरमध्ये जास्त सांद्रतेने विरघळवले तर त्याचे पुंजके होण्याची शक्यता असते. म्हणूनच ते आधी १०० मिलिमोलर ॲसिटिक आम्लात विरघळवावे आणि नंतर अल्ब्युमिन मिसळलेल्या बफरमध्ये पातळ करावे असा क्रम दिला आहे. आम्ही त्याप्रमाणे केले. द्रावण स्वच्छ झाले, तळाशी गाळ राहिला नाही. अल्ब्युमिनचा मुद्दा अनेक जण गौण मानतात, पण तो तसा नाही. अल्ब्युमिन नसले तर मिलिलिटरला काही नॅनोग्रॅम इतक्या विरळ द्रावणातील प्रथिनाचा चांगला मोठा वाटा प्लॅस्टिकच्या नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतो, आणि मग पेशींपर्यंत किती पोहोचले हे कोणालाच सांगता येत नाही. याच कारणाने असे विरळ द्रावण फिल्टरमधून गाळून निर्जंतुक करण्याची सवयही टाळावी. कुपी वाहक-प्रथिनाशिवाय मिळते, ही आमच्या मते चांगली गोष्ट आहे, कारण कोणाला गोवंशीय, कोणाला मानवी अल्ब्युमिन हवे असते आणि काही मापनांत ते अजिबात नको असते. विरघळल्यावर लहान लहान वाटे करून उणे ८० अंशांवर ठेवले आणि एकदा वितळवलेला वाटा पुन्हा गोठवला नाही, तर तीन महिने क्रियाशीलता टिकते असा उत्पादकाचा दावा आहे, आणि आमच्या अनुभवात तो खरा ठरला.

क्रियाशीलतेच्या आकड्याकडे आले की या परीक्षणातील सर्वांत अवघड भाग सुरू होतो. पत्रकात लिहिले आहे की सीटीएलएल-२ या पेशींच्या वाढीवर मोजलेली अर्धपरिणामी मात्रा (कमाल परिणामाच्या निम्मा परिणाम देणारी मात्रा) मिलिलिटरला ०.०५ ते ०.२५ नॅनोग्रॅम आहे. सीटीएलएल-२ या उंदराच्या टी-पेशी आहेत. इंटरल्युकिन-२शिवाय त्या मरतात आणि मानवी प्रथिनालाही उत्तम प्रतिसाद देतात, म्हणून मापनासाठी त्या योग्यच आहेत. परंतु ०.०५ आणि ०.२५ यांत पाचपट अंतर आहे. विशिष्ट क्रियाशीलता काढण्याची रूढ रीत म्हणजे दहा लाखांना नॅनोग्रॅममधील अर्धपरिणामी मात्रेने भागणे. तशी ती काढली तर एका टोकाला मिलिग्रॅममागे २ कोटी एकके येतात आणि दुसऱ्या टोकाला ४० लाख. उत्पादक आपल्या सर्व लॉटना (एकेका वेळी बनवलेल्या मालाच्या खेपांना) पुरेल असा हा ऐसपैस पट्टा देतो, हे समजण्यासारखे आहे. पण आमच्या हातात आलेल्या लॉटचा आकडा कोणता, हे पेटीतील कागदावर नव्हते. तो मिळवण्यासाठी वितरकाला लिहावे लागले, वितरकाने उत्पादकाला लिहिले, आणि उत्तर आले तेव्हा त्यात पुन्हा तोच पट्टा होता. बऱ्याच पाठपुराव्यानंतर लॉटचे विश्लेषण प्रमाणपत्र मिळाले. अशा प्रथिनासाठी ते पहिल्याच दिवशी पेटीत किंवा लॉट क्रमांक टाकताच संकेतस्थळावर मिळायला हवे.

दुसरी गोष्ट याहून अधिक फसवी आहे. वर काढलेली ‘एकके’ ही आंतरराष्ट्रीय एकके असतीलच असे नाही. आंतरराष्ट्रीय एकक हे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणित नमुन्याशी तुलना करून ठरते, तर भागाकाराने काढलेले एकक त्या त्या प्रयोगशाळेतील पेशींच्या त्या दिवसाच्या प्रतिसादावर अवलंबून असते. जुने शोधनिबंध वाचताना यात आणखी भर पडते, कारण त्यांतली काही मापे सीटस एककांत आहेत आणि एक सीटस एकक म्हणजे सहा आंतरराष्ट्रीय एकके. १९८०च्या दशकातील कृती जशीच्या तशी उचलणाऱ्याने ‘१०० एकके’ हे शब्द वाचून थांबावे आणि कोणती एकके, हे शोधूनच पुढे जावे. तुलनेसाठी एक भक्कम आधार औषधाचा आहे: प्रोल्युकिनच्या १.१ मिलिग्रॅममध्ये १ कोटी ८० लाख आंतरराष्ट्रीय एकके असतात, म्हणजे मिलिग्रॅममागे सुमारे १ कोटी ६४ लाख. आमच्या कुपीचे प्रमाणपत्र मिलिग्रॅममागे साधारण १ कोटी एकके सांगते, पण जागतिक नमुन्याशी तुलना केली की नाही, याबद्दल ते मौन पाळते. आमच्या मते या कागदावरील ही सर्वांत मोठी उणीव आहे.

म्हणून आम्ही स्वतः पडताळणी केली. नीतिविषयक समितीच्या मान्यतेने घेतलेल्या निरोगी रक्तदात्यांच्या रक्तातील टी-पेशी सीडी३ आणि सीडी२८ यांच्या प्रतिपिंडांनी उत्तेजित करून, आधीच्या लॉटमधील जपून ठेवलेला वाटा आणि नवा लॉट यांची पातळ्या चढवत शेजारी शेजारी तुलना केली, आणि पेशींना दिलेले रंगद्रव्य दर विभाजनात निम्मे होत जाते, त्यावरून त्या किती वेळा विभागल्या हे पाहिले. दोन्ही लॉटच्या वक्ररेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. त्याहून बोलकी चाचणी स्टॅट-५ या पेशीत संदेश पोहोचवणाऱ्या प्रथिनाच्या फॉस्फोरिलीकरणाची (फॉस्फेट जोडले जाऊन ते जागे होण्याची) ठरली: पेशींना पंधरा मिनिटे इंटरल्युकिन-२ दिले, लगेच स्थिर केले आणि फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर पाहिले, तर अपेक्षेप्रमाणे नियामक टी-पेशी अगदी खालच्या मात्रांनाच उजळल्या आणि इतर सीडी४ पेशींना त्याच्या कितीतरी पट मात्रा लागली. ही चाचणी एका दिवसात होते, सीटीएलएल-२ पेशी सांभाळत बसावे लागत नाही, आणि प्रत्येक नव्या लॉटवर ती करून ठेवावी अशी आमची शिफारस आहे. या कसोटीवर हा माल निर्विवाद उत्तीर्ण झाला.

एंडोटॉक्सिनचा आकडा समजून घेण्यासाठी थोडे गणित करावे लागते. हे प्रथिन ई. कोलायमधून येते आणि त्या जिवाणूच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजेच हे एंडोटॉक्सिन, मोनोसाइट आणि डेंड्रायटिक या प्रतिकारपेशींना अत्यंत तीव्रतेने उत्तेजित करते, त्यामुळे शुद्धीकरणात ते किती काढले गेले हा प्रश्न प्रतिकारशास्त्रात कळीचा ठरतो. शुद्धतेचा ९५ किंवा ९८ टक्क्यांचा आकडा याबद्दल काहीच सांगत नाही, कारण तो जेलवरील वा एचपीएलसीमधील प्रथिनांपुरता असतो आणि लिपोपॉलिसॅकराइड प्रथिनच नव्हे. आमच्या कुपीची हमी मायक्रोग्रॅममागे १ एंडोटॉक्सिन एककाहून कमी अशी आहे. टी-पेशींच्या नेहमीच्या संवर्धनात मिलिलिटरला १०० एकके, म्हणजे या लॉटच्या हिशेबाने १० नॅनोग्रॅम प्रथिन लागते. तेव्हा एंडोटॉक्सिन जास्तीत जास्त ०.०१ एकक, म्हणजे सुमारे १ पिकोग्रॅम येईल, आणि त्याची चिंता करण्याचे कारण नाही. पण ट्यूमरमध्ये शिरलेल्या टी-पेशी वाढवताना मिलिलिटरला ६,००० एकके घातली जातात. तेथे प्रथिन ६०० नॅनोग्रॅम होते आणि एंडोटॉक्सिनची वरची मर्यादा ०.६ एककापर्यंत, म्हणजे सुमारे ६० पिकोग्रॅमपर्यंत जाते, जी मोनोसाइटांना जागे करायला पुरेशी आहे. मग इंटरल्युकिन-६ वा टीएनएफ ही दाहाची संदेश-प्रथिने वाढलेली दिसली, तर ती इंटरल्युकिन-२मुळे वाढली की एंडोटॉक्सिनमुळे, हे सांगणे कठीण होते. अशा प्रयोगांसाठी मायक्रोग्रॅममागे ०.१ एककाहून कमी हमी असलेला प्रकार घ्यावा, किंवा निदान इंटरल्युकिन-२ला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड आणि लिपोपॉलिसॅकराइड बांधून ठेवणारे पॉलिमिक्सिन-बी अशी दोन वेगवेगळी नियंत्रणे सोबत ठेवावीत. प्रतिपिंड घालूनही परिणाम शिल्लक राहिला, तर तो या प्रथिनाचा नाही.

याच हिशेबावरून ही कुपी कोणाला परवडते हेही ठरते. या लॉटच्या एका कुपीत सुमारे ५ लाख एकके आहेत. मिलिलिटरला १०० एकके या दराने त्यातून ५ लिटर माध्यम तयार होते, जे मध्यम आकाराच्या प्रयोगशाळेला बराच काळ पुरते. नियामक टी-पेशी वाढवायला ३०० एकके घातली तर सुमारे १.७ लिटर होते, तेही ठीक आहे. ६,००० एककांच्या कामाला मात्र तीच कुपी जेमतेम ८३ मिलिलिटरमध्ये संपते, आणि तेथे मिलिग्रॅमच्या मापात विकला जाणारा माल मागवण्यावाचून पर्याय नाही. १० मायक्रोग्रॅमची कुपी स्वस्त दिसते, पण एककामागे पडणारा दर काढला की ५० मायक्रोग्रॅमचीच किफायतशीर ठरते. दरपत्रके मागवताना मायक्रोग्रॅमऐवजी एककांवर तुलना केली, तर खरेदी विभागालाही ‘सर्वांत कमी दर’ कोणाचा हे पटवून देणे सोपे जाते. चाळीस लाख एककांचा स्वस्त माल आणि एक कोटी एककांचा महाग माल यांत महागच स्वस्त निघण्याची शक्यता बरीच असते.

‘केवळ संशोधनासाठी’ या शेऱ्याबद्दलही थोडे लिहायला हवे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला (रुग्णाच्याच टी-पेशींत जनुकीय बदल करून त्या कर्करोगावर वापरण्याच्या उपचाराला) २०२३ साली मान्यता मिळाल्यापासून महाराष्ट्रातील अनेक तरुण संशोधक पेशी-उपचारांकडे वळू लागले आहेत, आणि संशोधन-प्रतीचे सायटोकाइन (इंटरल्युकिन-२सारखे संदेश-प्रथिन) वापरून आखलेली कृती पुढे रुग्णांसाठीच्या उत्पादनात तशीच नेता येईल असा समज कानावर येतो. तशी ती नेता येत नाही. रुग्णाला परत द्यायच्या पेशींसाठी जीएमपी, म्हणजे औषधनिर्मितीच्या उत्तम उत्पादन पद्धतीच्या, नियमांनुसार बनवलेले, निर्जंतुकतेची आणि उगमाची नोंद असलेले प्रथिन लागते, आणि त्याची क्रियाशीलता या मालाहून वेगळी असल्यास मात्रा नव्याने बसवावी लागते. ज्यांना त्या दिशेने जायचे आहे त्यांनी ज्या उत्पादकाकडे दोन्ही प्रती आहेत त्याच्याचकडून सुरुवातीपासून घेणे शहाणपणाचे आहे. आमच्या उत्पादकाकडे जीएमपी प्रत नाही.

तांत्रिक साहाय्याची गुणवत्ता विषम वाटली. इमेलला उत्तर येते, पण पहिले उत्तर बहुधा माहितीपत्रकातील मजकूरच परत पाठवणारे असते. नेमका प्रश्न पुन्हा विचारला की मग जाणकार व्यक्तीकडे तो पोहोचतो, आणि तिचे उत्तर खरोखरच उपयुक्त असते. विरळ द्रावणातील नुकसानीबद्दल आम्हांला तिच्याकडूनच नेमकी माहिती मिळाली. वितरकाकडून मात्र लॉट राखून ठेवण्याची सोय आहे हे आम्हांला कोणी आपणहून सांगितले नाही. दीर्घ प्रयोगमालिका असेल तर एकाच लॉटच्या चार-पाच कुप्या आधीच बांधून घेता येतात आणि त्या गरजेप्रमाणे पाठवल्या जातात. पुढील खरेदीत आम्ही तेच करणार आहोत, आणि मागणीपत्रातच दोन अटी घालणार आहोत: लॉटचे विश्लेषण प्रमाणपत्र मालासोबत यावे, आणि त्यात क्रियाशीलता आंतरराष्ट्रीय एककांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्याशी तुलना करून दिलेली असावी. उत्पादकाने दुसरी अट मान्य केली नाही, तर मिलिलिटरला ५० एककांपर्यंतच्या खालच्या मात्रांच्या प्रयोगांसाठी आम्ही दुसरीकडे पाहू. नेहमीच्या टी-पेशी संवर्धनासाठी हाच माल चालू ठेवू.